मोनोक्रोम कॅमेऱ्यांच्या चार पिढ्या समोरासमोर: चित्राचा दर्जा घरच्या घरी कसा ताडून पाहावा

कृष्णधवल डिजिटल कॅमेऱ्यांच्या वाटेला नव्याने लागलेल्या माणसाच्या कानावर दोन मतं हमखास पडतात. एक म्हणजे, जुन्या सीसीडी सेन्सरची मजा नव्या कॅमेऱ्यांत राहिली नाही (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, सीसीडी हा त्याचा जुना प्रकार). दुसरं, नव्या सेन्सरपुढे जुने कॅमेरे आता कपाटात ठेवण्याच्या लायकीचे. दोन्ही मतं ठामपणे मांडली जातात आणि दोन्हींसोबत पुरावा म्हणून फोटो दाखवले जातात. ते फोटो नीट पाहिले तर एक कॅमेरा खिडकीपाशी वापरलेला असतो, दुसरा दिव्याखाली. एकावर शार्पनिंग (सॉफ्टवेअरने कडा धारदार करणं) चढवलेलं असतं, दुसऱ्याचा फोकस बोटभर पुढे गेलेला असतो. सेन्सरचा खरा फरक या सगळ्याखाली गाडला जातो. कित्येक लाखांची वस्तू घेण्याआधी, किंवा आहे ती विकण्याआधी, तो फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक ट्रायपॉड, एक लेन्स, एक संध्याकाळ आणि थोडी शिस्त पुरते.

उदाहरणासाठी मी लायकाची एम मोनोक्रोम मालिका घेतली आहे. कृष्णधवल सेन्सर त्याआधीही होते. कोडॅकने डीसीएस ४२०, ४६० आणि ७६० या मालिकांत तसे कॅमेरे काढले होते. पण एकाच लेन्सवर चार पिढ्या तोलून पाहण्याची सोय या मालिकेत आहे, कारण १९५४ साली एम३ बरोबर आलेला माउंट (लेन्स बसवण्याची खाच) आजही तोच आहे. तुलना करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

आधी सेन्सर समजून घ्या

साध्या रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते आणि तिचं पेटंट १९७६ सालचं आहे. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरले जातात. मोनोक्रोम सेन्सरवर ही जाळी नसते. त्यामुळे तीन गोष्टी घडतात. जाळीत अडणारा प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतो. शेजाऱ्यांकडून उसनवारी नसल्यामुळे बारीक तपशील स्वच्छ येतो. आणि रंगीत ठिपक्यांचा नॉइज राहत नाही, उरतो तो फक्त उजेड-अंधाराचा, फिल्मच्या दाण्यासारखा दिसणारा.

याची किंमतही आहे. रंगीत कॅमेऱ्यात हिरवा चॅनल जळला, म्हणजे जास्त प्रकाशाने पूर्ण भरून गेला, तरी लाल-निळ्यात थोडी माहिती शिल्लक असते आणि सॉफ्टवेअर तिच्यावरून पांढऱ्या भागातला तपशील ओढून आणतं. मोनोक्रोममध्ये चॅनल एकच. जळलं ते गेलं. पुढच्या एका चाचणीत याचाच कस लागतो.

आता चार पिढ्या. २०१२ चा पहिला एम मोनोक्रोम लायकाच्याच रंगीत एम९ वर आधारलेला आहे: १८ मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर, आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील याचा आकडा) ३२० ते १००००. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दृश्य) नाही, पण त्यात हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, थेट रॉ (सेन्सरच्या मूळ) आकड्यांवरून दिसतो, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. २०१५ चा टाइप २४६ हा २४ मेगापिक्सेलचा, सीमॉस या नव्या प्रकारच्या सेन्सरचा. त्याचा पाया आयएसओ ३२० आणि कमाल २५०००. जानेवारी २०२० मध्ये एम१० मोनोक्रोम आला: ४० मेगापिक्सेल, आयएसओ १६० ते १०००००. एप्रिल २०२३ चा एम११ मोनोक्रोम ६० मेगापिक्सेलचा आहे, आयएसओ १२५ ते २०००००. त्याच महिन्यात पेंटॅक्सनेही के-३ मार्क ३ मोनोक्रोम आणला, पण त्याचा सेन्सर लहान आणि लेन्स वेगळी. त्याला या तुलनेत ओढलं तर सेन्सर आणि लेन्स यांचे फरक वेगळे काढता येणार नाहीत.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. १८ चे ६० झाले म्हणजे तपशील सव्वातीन पट झाला असं होत नाही. चित्राच्या एका बाजूला किती रेघा वेगळ्या दिसतील हे वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. १८ वरून ६० वर ही वाढ साधारण १.८ पट, ४० वर दीडपट, आणि २४ वर जेमतेम १.१५ पट. म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांत नुसत्या तपशिलाचा फरक शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही.

पायरी १: चाचणीचं दृश्य मांडा

छापील टेस्ट चार्ट चालतो, पण तो एकच गोष्ट सांगतो. घरातल्या वस्तू जास्त बोलतात. टेबलावर भिंतीला टेकवून अशी मांडणी करा: मागे काळी घोंगडी, तिच्यावर एका बाजूला पांढरा सुती पंचा, मध्ये वर्तमानपत्राचं बारीक छपाईचं पान, शेजारी १८ टक्के करडं कार्ड (पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परतवणारं). घोंगडीची लोकर सावल्यांची परीक्षा घेते. तिचा प्रत्येक धागा काळा, पण प्रत्येकाचा काळेपणा किंचित वेगळा. पंच्याची वीण पांढऱ्या टोकाची परीक्षा घेते. वर्तमानपत्रातल्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वाराचे ठिपके तपशील किती टिकला ते लगेच सांगतात.

पुढे चार छोट्या वाट्या ठेवा: हळद, कुंकू, कपड्यांची नीळ, आणि चौथीत विड्याचं पान. त्यांचा उपयोग शेवटच्या चाचणीत होईल.

वर्तमानपत्र सपाट हवं. कडा उचलली गेली तर एक कोपरा फोकसबाहेर जातो आणि दोष सेन्सरच्या माथी बसतो.

पायरी २: प्रकाश पक्का करा

खिडकीचा उजेड सुंदर असतो, पण ढग सरकला की अर्धा स्टॉप इकडचा तिकडे होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पावसाळ्यात तर त्याच्या नादी लागूच नका. संध्याकाळी पडदे ओढून एकाच दिव्यावर काम करा.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर वेगवान असेल तर चित्रावर फिकट-गडद पट्टे येतात. नवशिक्या ते पाहून ‘या सेन्सरला बँडिंग आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो. म्हणून दिवा मंद ठेवा आणि हिशेब असा बसवा: एफ/५.६ वर (हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप) आयएसओ ३२० ला शटर एक सेकंद. मग ६४० ला अर्धा, १२५० ला पाव, २५०० ला १/८, ५००० ला १/१५ आणि १०००० ला १/३०. पाच स्टॉपचा सगळा प्रवास १/५० च्या अलीकडेच संपतो. एम११ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटरही आहे. चाचणीपुरतं मेकॅनिकलच वापरा.

पायरी ३: लेन्स, ट्रायपॉड, फोकस

चारही बॉडींवर एकच लेन्स. ५० मिलिमीटर उत्तम, कारण कडांना विकृती कमी असते. अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर ठेवा आणि पूर्ण चाचणीत हलवू नका. एफ/१६ वर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाच्या बिंदूचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो. एम११ चा पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा, पहिल्या मोनोक्रोमचा सुमारे ६.८. दोन्ही त्या ठिपक्यात बुडतात आणि ६० मेगापिक्सेलचा फायदा तिथेच विरतो.

मेनूत जाऊन लेन्स डिटेक्शन बंद करा, म्हणजे कडांचा अंधार भरून काढायला कॅमेरा आतल्या आत काही करणार नाही. डीएनजी (रॉ फाइलीचा प्रकार) निवडा. एम११ मध्ये ६०, ३६ आणि १८ मेगापिक्सेल असे पर्याय आहेत, त्यातला सर्वांत मोठा घ्या. वेळ उरला तर १८ चाही एक संच काढून ठेवा, पहिल्या पिढीशेजारी ठेवून बघायला मजा येते.

सगळ्यात जास्त तुलना फोकसपाशी बिघडतात. टाइप २४६ पासून पुढे लाइव्ह व्ह्यू आहे, अक्षरं मोठी करून फोकस लावता येतो. पहिल्या मोनोक्रोममध्ये रेंजफाइंडरवरच (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावण्याच्या सोयीवर) भिस्त आणि त्याचं जुळणं थोडं हललेलं असू शकतं. उपाय सोपा आहे: रेंजफाइंडरने फोकस लावा, फोटो काढा, मग फोकस रिंग केसभर पुढे, पुन्हा केसभर पुढे, तशीच मागे. पाच-सहा फोटोंतला सर्वांत धारदार निवडा. चारही कॅमेऱ्यांना हाच न्याय लावा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही.

फोटो सेल्फ-टायमरवर घ्या. एक सेकंदाचं शटर आहे, म्हणून पंखा बंद, आणि लाकडी माडीचं घर असेल तर त्या वेळात कोणी चालायचं नाही.

पायरी ४: तीन संच काढा

पहिला संच आयएसओचा. वर दिलेल्या जोड्यांप्रमाणे ३२० ते १०००० चे सहा फोटो प्रत्येक कॅमेऱ्यात. १०००० च्या पुढे पहिली पिढी येतच नाही. नव्या तिघांचे २५००० चे फोटो वेगळे काढा, पण त्यांची गणती या संचात करू नका. शेवटच्या दोन कॅमेऱ्यांत ३२० च्या खालचंही आयएसओ आहे, तेव्हा प्रत्येकाचा पायाच्या आयएसओवरचा एक फोटोही हवा.

कॅमेऱ्यावर लिहिलेलं आयएसओ हे कंपनीने ठरवलेलं असतं. एकाच ३२० वर दोन कॅमेरे सारखाच उजळपणा देतील याची खात्री नाही. म्हणून शटर आणि अ‍ॅपर्चर सारखं ठेवायचं, आणि उजळपणात फरक आला तर तो नोंदवून ठेवायचा. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकावर (मीटरवर) सोडलंत तर सगळी तुलना मीटरची होऊन बसते.

दुसरा संच सावल्यांचा. आयएसओ ३२० वर योग्य एक्स्पोजरपासून एकेक स्टॉप कमी करत चार स्टॉप खाली या. इथे शटर एक सेकंदापासून १/१५ पर्यंत जाईल. यातला शेवटचा फोटो आणि पहिल्या संचातला ५००० चा फोटो यांना सारखाच प्रकाश मिळालेला आहे, कारण दोन्हींचं शटर १/१५. दोघांची गाठ पुढे घालू.

तिसरा संच उजेडाच्या टोकाचा. इथे उलट, एकेक तृतीयांश स्टॉपने वाढवत जा. शटरच्या खुणा अर्ध्या स्टॉपच्या असतील तर तसं करा. पंच्याची वीण पूर्ण नाहीशी होईपर्यंत थांबू नका. पहिल्या मोनोक्रोमचा रॉ हिस्टोग्राम इथे खरोखर कामाला येतो: उजव्या भिंतीला तो नेमका कधी टेकला ते अंदाज न करता दिसतं.

पायरी ५: फाइली उघडताना हात आवरा

सगळ्या फाइली एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच आवृत्तीत उघडा. शार्पनिंग शून्य, नॉइज रिडक्शन शून्य, लेन्स करेक्शन बंद, प्रोफाइल सगळ्यांना एकच. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताक्षणी आपणहून थोडं शार्पनिंग लावतं, ते काढायला विसरू नका. मग करड्या कार्डावर कर्सर नेऊन आकडा पाहा आणि फक्त एक्स्पोजरचा स्लायडर हलवून सगळ्या चित्रांत तो सारखा करा. बाकी एकाही स्लायडरला हात लावायचा नाही. कॉन्ट्रास्ट जरा वाढवला की चित्र लगेच ‘फिल्मसारखं’ वाटू लागतं, आणि सीसीडीच्या जादूबद्दल जे बोललं जातं त्याचा मोठा भाग इथे जन्माला येतो असं माझं मत आहे.

पायरी ६: एकाच मापावर पाहा

१८ आणि ६० मेगापिक्सेलची चित्रं शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवणं चूक आहे. ६० वालं चित्र त्या वेळी तुम्ही जवळजवळ दुप्पट जवळून पाहत असता, म्हणून त्यातला नॉइज जास्त वाटतो. सगळ्यांना एका मापावर आणा. सगळ्यांची रुंदी ५२१२ पिक्सेल करा, ती पहिल्या मोनोक्रोमची मूळ रुंदी आहे. ६० मेगापिक्सेलचं चित्र एवढं लहान केलं की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून नॉइज साधारण १.८ पट कमी होतो. तीच खरी तुलना.

आता घोंगडीकडे या. १२५० पर्यंत चारही चित्रं पाठोपाठ पाहिली तर ओळखणं अवघड जाईल अशी माझी अपेक्षा आहे. ५००० ला वाटा फुटू लागतात. पहिल्या पिढीत लोकरीचे धागे दाण्यात मिसळू लागतात आणि अंधाऱ्या भागात अंधुक पट्ट्या शोधाव्या लागतात. १०००० ला त्या सहज डोळ्यात भरतात. दाणा सुखावह असू शकतो. पट्ट्यांचं तसं नाही, डोळा त्या ओळखतोच. नव्या पिढ्यांनी मिळवलेली मोठी कमाई मला इथेच दिसते: दाणा कमी झाला त्यापेक्षाही तो समान विखुरला, ही.

चार स्टॉप कमी दिलेला ३२० चा फोटो चार स्टॉप उचला आणि ५००० च्या फोटोशेजारी ठेवा. दोन्ही जवळपास सारखे दिसले तर त्या कॅमेऱ्यात आयएसओ वाढवून विशेष काही मिळत नाही. मग रात्री रस्त्यावर फोटो काढताना आयएसओ कमीच ठेवून दिव्यांचे झोत वाचवता येतात आणि सावल्या नंतर उचलता येतात. उचललेला फोटो स्पष्टपणे खराब निघाला तर तो कॅमेरा योग्य आयएसओ लावूनच वापरायला हवा. कॅमेरा हातात घेतल्यापासून रोज उपयोगी पडेल अशी माहिती या एका जोडीतून मिळते.

उजेडाच्या संचात एवढंच मोजा: करड्या कार्डापासून पंच्याची वीण नाहीशी होईपर्यंत किती स्टॉप गेले. आकडा कॅमेऱ्याच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. मोनोक्रोम सेन्सरवर जळलेला पांढरा भाग परत आणता येत नाही, म्हणून हा आकडा पाठ असलेला बरा.

पायरी ७: हळद, कुंकू, नीळ, पान

ही चाचणी दिवसाच्या उजेडात करा. मोनोक्रोम सेन्सरला रंग कळत नसले तरी तो सगळ्या रंगांना सारखं मानत नाही, आणि प्रत्येक सेन्सरची आवड थोडी वेगळी असते. करडं कार्ड सारखं केल्यावर चारही कॅमेऱ्यांतले वाट्यांचे आकडे वाचा. कुंकू एकात गडद करडं, दुसऱ्यात किंचित हलकं येऊ शकतं. पान आणि कुंकू एकाच करड्यात विरघळले तर त्या कॅमेऱ्यावर रंगीत काचेच्या फिल्टरची गरज जास्त पडेल, कारण रंगीत फाइलीसारखे चॅनल नंतर वरखाली करण्याची सोय इथे नाही. माणसांच्या त्वचेच्या छटा जुन्या पिढीत वेगळ्या का वाटतात, याचं उत्तर शोधायला मी सर्वांत आधी इथे पाहीन.

मग पिवळा फिल्टर लावून एक, लाल लावून एक. पिवळ्याला साधारण एक स्टॉप, लालला तीनच्या आसपास जास्त द्यावे लागतात. लाल फिल्टर लावल्यावर फोकस पुन्हा तपासा. लाल प्रकाश लेन्समधून किंचित वेगळ्या जागी एकवटतो. ४० आणि ६० मेगापिक्सेलवर तेवढी चूकही दिसते.

पायरी ८: कागदावर काढा

१२ × १८ इंच हे आपल्याकडच्या लॅबमध्ये सर्रास मिळणारं माप. त्यावर पहिल्या मोनोक्रोमची फाइल इंचाला सुमारे २९० पिक्सेल देते, म्हणजे जवळपास हवे तेवढे. या मापावर एम११ चे जास्तीचे पिक्सेल लॅबचं मशीन टाकूनच देतं. २० × ३० इंचाला गोष्ट बदलते: पहिली पिढी १७४ पिक्सेलांवर येते आणि एम११ अजूनही ३१८ वर असतो. तेव्हा तुम्ही किती मोठे प्रिंट लावणार आहात, हा प्रश्न पिढी निवडण्याआधी सोडवा. फोटो १२ × १८ च्या पुढे जाणारच नसतील आणि काम बहुतांशी उजेडातलं असेल, तर २०१२ चा कॅमेरा आजही पुरेसा आहे, असं मी बिनदिक्कत सांगेन. रात्रीचं, तमाशाच्या फडातलं किंवा गाभाऱ्यातलं काम असेल तर एम१० मोनोक्रोमपासून पुढे पाहा.

रंगीत फोटोपेपरवर कृष्णधवल प्रिंट काढला तर हिरवट किंवा जांभळट झाक येण्याचा धोका असतो. शक्य असेल तर इंकजेटवर, करड्या शायांच्या कृष्णधवल मोडमध्ये प्रिंट मागा. पाठीवर पेन्सिलीने खूण करा, प्रिंट मिसळा आणि घरातल्या कोणालाही दर्जाप्रमाणे क्रमाने लावायला सांगा. तुम्ही स्वतः लावायचे असतील तर दुसऱ्या कोणाकडून मिसळून घ्या.

कॅमेरे हाती नसतील तर

चारही बॉडी एकत्र मिळणं कठीण. दोन मिळाल्या तरी पुष्कळ. भाड्याने घेताना एकाच दिवशी दोन्ही घ्या, म्हणजे दृश्य आणि दिवा बदलत नाही. डाउनलोड केलेल्या डीएनजी फाइलींवर पायरी ५ आणि ६ करता येतात, पण दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या जागी काढलेल्या फाइलींवरून फक्त नॉइजचा पोत पाहावा. तपशील आणि छटा यांबद्दल त्यांच्यावरून मत बनवू नका.

पहिली पिढी जुनी घेताना

एम९ च्या कुटुंबातल्या सीसीडी सेन्सरवरची काच काळाच्या ओघात झिजून तिच्यावर ठिपके येतात. लायकाने हा दोष मान्य करून अनेक सेन्सर बदलून दिले. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे बदललेल्या सेन्सरचा कागद मागा आणि तिथेच एक फोटो काढा: लेन्स एफ/१६ वर, फोकस अनंतावर, समोर साधी पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश. फाइल शंभर टक्क्यांवर पाहा. साध्या धुळीचा डाग गडद असतो आणि ब्लोअरने हलतो. काच झिजल्याचा ठिपका जागचा हलत नाही आणि त्याच्याभोवती फिकट कडं असतं. असं कडं दिसलं तर किंमत कितीही खाली आली तरी तो कॅमेरा सोडून द्या.